रजा सुरू होण्याआधीच लागलेलं लग्न : एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून गाव, युनिट आणि महिने दिलेले नाहीत. कागद, रकमा आणि घटनांचा क्रम मात्र तपशिलात दिला आहे, कारण या प्रकरणाचा सगळा गुंता त्यातच आहे.

पार्श्वभूमी

जवान नाईक हुद्द्यावर, वय 31, नोकरी 11 वर्षं, गाव मोहोळ तालुक्यात. पोस्टिंग पंजाबात, मुक्काम बराकीत. मुलगी 27 वर्षांची, जुळे सोलापुरात आई आणि भावासोबत राहणारी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात काजं-बटणाच्या मशीनवर कामाला. लहानपणी सांधेतापानं तिच्या हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू होतं आणि पुढेमागे फुग्यानं झडप रुंद करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

मुलीचा भाऊ आणि हा जवान भरतीच्या तयारीला एकाच मैदानावर पळालेले. कल्पना त्या दोघांची. लग्न फक्त कागदावर करायचं, म्हणजे मुलीला जवानाची बायको म्हणून मिलिटरी हॉस्पिटलात उपचार मिळतील आणि जवानाला घरभाडे भत्ता सुरू होईल. बराकीत राहणाऱ्या अविवाहित जवानाला तो मिळत नाही. सोलापूर भत्त्याच्या वर्गवारीत 'वाय' शहर आहे, म्हणजे जानेवारी 2024 पासून मूळ पगाराच्या 20 टक्के. याचा मूळ पगार 30,500, म्हणून महिना 6,100 रुपये. निम्मे त्याचे, निम्मे मुलीच्या घरी.

विवाह नोंदणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात झाली. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार नमुना 'ड' भरावा लागतो. त्यावर वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा पुरोहित यांच्या सह्या लागतात. फोटो एका स्टुडिओत काढला, मुंडावळ्या भाड्याच्या. पुरोहितानं ओळखीखातर सही दिली. तिसरे साक्षीदार म्हणून मुलीचे मामा आले. मामा म्हणजे निवृत्त सुभेदार, सोलापुरातच स्थायिक. त्यांना सांगितलं, ''रजा कमी आहे, आता नोंदणी करून घेतो, लग्न उन्हाळ्यात गावाकडं.'' फौजेतल्या पोरांच्या बाबतीत हे सर्रास चालतं, त्यामुळं त्यांना वावगं वाटलं नाही. त्यांनी सही केली, पण वरचे रकाने वाचले नाहीत.

नोंदणीचा दाखला युनिटमध्ये गेला, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवानोंदीतला बदल नोंदवणारा आदेश) निघाली, मुलीचं डिपेंडंट कार्ड (जवानावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयाचं ओळखपत्र) झालं.

अडचण कशी उघडी पडली

उन्हाळा गेला, दिवाळी गेली, लग्नाचं नाव नाही. मामांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ''रजा मिळंना'' हे उत्तर. नोंदणीनंतर चौदाव्या महिन्यात त्यांच्या नात्यातल्या वधू-वर ग्रुपवर एक बायोडाटा आला : फौजी, नाईक, वय 31, मोहोळ तालुका, अविवाहित. फोटो त्याच जवानाचा. चौकशीसाठी नंबर त्याच्या आईचा. आईला कागदावरच्या लग्नाची गंधवार्ताही नव्हती.

मामा त्याच संध्याकाळी भाचीकडं गेले. तिनं सगळं सांगितलं. तोपर्यंत मिलिटरी हॉस्पिटलात तिच्या दोन तपासण्या आणि इकोकार्डिओग्राफी झाली होती. झडपेच्या प्रक्रियेची तारीख मिळायची होती.

इथून मामांपुढचा प्रश्न 'युनिटला कळवायचं का' एवढाच राहिला नाही. भाची त्या व्यवहारात सामील होती आणि मामांची स्वतःची सही कागदावर होती. शिवाय सांगोल्याकडचं एक घर ते स्थळ बघत होतं आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

कळवण्याआधी काय तपासलं

अशा प्रकरणांत पहिली चूक बहुधा इथंच होते. नोंदणी झाली पण जोडपं वेगळं राहतंय, एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही. बायको सासरी, नवरा सीमेवर, हे तर फौजेतलं रोजचं चित्र. न पटलेलं लग्नही खोटं नसतं. खोटं म्हणायचं तर संसाराचा हेतू सुरुवातीपासूनच नव्हता, हे दिसायला हवं आणि ते ऐकीव नको, कागदावर हवं.

मामांनी वहीच्या पानावर दोन रकाने पाडले : 'डोळ्यांनी पाहिलं' आणि 'कानांनी ऐकलं'. पहिल्या रकान्यात सुरुवातीला फक्त स्वतःची सही आणि बायोडाटा होता. मग भाचीकडचे कागद काढले.

नमुना 'ड' च्या प्रतीवर विवाहाची तारीख 12 होती, स्थळ 'राहत्या घरी'. नोंदणी त्याच महिन्याच्या 17 तारखेला. आणि जवानानं भाचीच्या भावाला पाठवलेला तिकिटाचा फोटो फोनमध्ये तसाच पडून होता : 13 तारखेच्या रात्री नवी दिल्लीहून कर्नाटक एक्सप्रेस. म्हणजे 12 ला नवरदेव युनिटमध्ये हजर आणि सोलापुरात त्याचं लग्न लागलेलं! 12 च का? नोंदणीच्या आधीचा जवळचा मुहूर्त कॅलेंडरात 12 चाच होता आणि मुहूर्ताशिवायची तारीख संशयास्पद दिसेल, असं भावाला वाटलं. रजेची तारीख कुणी ताडून पाहिली नाही. जवानाच्या रजेची नोंद युनिटमध्ये असतेच, त्यामुळं हा पुरावा कुणाला नाकारता येणारा नव्हता.

स्टुडिओतला फोटोही नीट पाहिला. गळ्यात हार, कपाळाला मुंडावळ्या, आणि दोघांच्याही पायात चपला. बोहल्यावर चपला घालून कोण उभं राहतं?

हिशेबही मांडला. पहिले 9 महिने 6,100 प्रमाणे 54,900. वेतनवाढीनंतर मूळ पगार 31,400 झाला, म्हणून पुढचे 5 महिने 6,280 प्रमाणे 31,400. एकूण 86,300 रुपये. भाचीच्या घरी त्यातले 43,150.

कायदा कुठं लागू होतो

दाखला कोणत्या कायद्याखालचा, हे सगळ्यात आधी बघावं लागतं. विशेष विवाह कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर लग्न झालं असेल तर तेच लग्न असतं, विधी झाले नाहीत म्हणून ते रद्द होत नाही. इथं दाखला हिंदू पद्धतीनं झालेल्या विवाहाच्या नोंदणीचा होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे विधी व्हावे लागतात आणि नोंदणी हा त्यांचा फक्त पुरावा. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन वैमानिकांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं : विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही.

जवानाच्या बाजूनं सेना अधिनियम 1950 चं कलम 57 येतं, सरकारी कागदात जाणूनबुजून खोटी माहिती देणं. कमाल शिक्षा 14 वर्षं. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, आणि ते भाची, तिचा भाऊ आणि पुरोहितापर्यंत जाऊ शकतं. सेना अधिनियमाखालच्या खटल्याला कलम 122 ची तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे वेळ होता, पण अमाप नव्हता.

मामांवर कळवण्याची कायदेशीर सक्ती होती का? खून, दरोडा अशा ठरावीक गुन्ह्यांची खबर देणं प्रत्येक नागरिकाला बंधनकारक आहे. फसवणूक त्या यादीत नाही. मामा निवृत्त असल्यानं सेना अधिनियमही त्यांना लागू नव्हता. पण खोट्या तारखेखाली त्यांची सही होती, आणि ती चूक आहे हे कळल्यावरही गप्प बसणं वेगळं पडतं.

समोरचे पर्याय

गप्प बसणं हा पहिला विचार आणि घरातल्या सगळ्यांचा. भाचीची प्रक्रिया होऊ द्या, मग बघू. यात भत्त्याची रक्कम दरमहा वाढत होती. शिवाय खोट्या नात्यावर हृदयाची मोठी प्रक्रिया झाल्यावर प्रकरण उघडं पडलं असतं तर भाचीची बाजू आणखी कमकुवत झाली असती.

निनावी पत्राचा सल्ला दोघातिघांनी दिला. हा सल्ला आम्हाला सगळ्यात वाईट वाटतो. निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असे केंद्र सरकारचे निर्देश आहेत, त्यामुळं बऱ्याचदा काहीच होत नाही. चौकशी झालीच तर रजेची तारीख आणि साक्षीदाराचं नाव समोर येतं आणि साक्षीदार स्वतःहून पुढे आला नव्हता, एवढंच नोंदलं जातं.

थेट पोलीस ठाणं म्हणजे पहिल्याच दिवशी भाची आरोपी. हा पर्याय लगेच बाजूला ठेवला.

जवानानं सुचवलेला मार्ग वरवर सोपा होता : हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली परस्परसंमतीनं घटस्फोट, कुणाला काही सांगायची गरज नाही. यातली मेख वकिलानं दाखवली. घटस्फोट मागायचा म्हणजे आधी न्यायालयात शपथेवर सांगायचं की आमचं लग्न झालं होतं. एक खोटं मिटवायला दुसरं, आणि तेही शपथेवर. वर भाची कायमची 'घटस्फोटित' झाली असती.

उरले दोन : मामांनी सहीचं पत्र युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला (सीओ) पाठवायचं, किंवा जवानानं स्वतः कबूल करायचं. स्वतःहून दिलेली कबुली आणि पकडलं गेल्यावरची कबुली यांचं वजन वेगळं असतं, हे मामांना नोकरीतून माहीत होतं. त्यांनी आधी दुसरा मार्ग धरला.

प्रत्यक्षात काय झालं

सर्वात आधी चालू असलेला लाभ थांबवला. भाचीनं मिलिटरी हॉस्पिटलात जाणं बंद केलं, डिपेंडंट कार्ड कपाटात ठेवलं, 43,150 रुपये वेगळ्या खात्यात बाजूला काढले. पेनिसिलिन चुकवून चालणार नव्हतं, म्हणून पुढचं इंजेक्शन सिव्हिलमध्ये घेतलं. तिथंच कळलं की हृदयाच्या अशा उपचारांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. रेशनकार्ड घरात होतंच. ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याची वाट घरापासून दोन रिक्षांच्या अंतरावर होती आणि चौदा महिने कुणी चौकशी केली नव्हती.

मग मामांनी जवानाला फोन केला आणि इथं प्रकरण घसरलं. ते म्हणाले, ''तीन आठवड्यांत पैसे भर, सीओ साहेबांना सांग, नाहीतर मी कळवतो.'' त्यानं फोन रेकॉर्ड केला. 'पैसे भर नाहीतर' हे शब्द खंडणीसारखे ऐकू येतात. पैसे सरकारला भरायचे होते, पण ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट नव्हतं. पुढं जवानाच्या चुलत्यानं तेच रेकॉर्डिंग दाखवून मामांना दम दिला.

मिळालेल्या तीन आठवड्यांत जवानानं तीन गोष्टी केल्या. व्हॉट्सॲपचे जुने मेसेज पुसले. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेली 'सोडचिठ्ठी' भाचीकडं सहीला पाठवली, जिला कायद्यात काडीचीही किंमत नाही. आणि सांगोल्याच्या घरी सुपारी फोडायचा दिवस धरला.

सांगोल्याच्या घराला काय सांगायचं, हा सगळ्यात अवघड निर्णय होता. 'तो फसवा आहे' असं सांगितलं असतं तर बदनामीची तक्रार अंगावर आली असती आणि भाचीचं नाव गावभर झालं असतं. मामांनी त्या स्थळाच्या मध्यस्थाला गाठून एकच वाक्य सांगितलं : ''सुपारी फोडण्याआधी मुलाच्या नावावर विवाहनोंदणी आहे का, ते सोलापूर महापालिकेत बघून घ्या.'' घरच्यांनी बघितलं. सुपारी फुटली नाही. जवानाच्या आईला मुलाचं लग्न झाल्याचं त्या दिवशी, परक्या माणसाकडून कळलं.

सुपारी मोडल्यावर दोन दिवसांनी जवानाचा फोन आला. ''साहेब, आता काय करू?'' अर्जाचा मसुदा वकिलानं केला, एक पानी : लग्नाचे विधी झाले नाहीत, नोंदणीतली तारीख खोटी आहे, त्या तारखेला मी युनिटमध्ये होतो, भत्ता घेतला, तो परत करायची तयारी आहे. कारणांचा पाढा नाही, माफीची लांबण नाही. अर्ज कंपनी कमांडरमार्फत वर गेला. सोबत भाचीचं सहीचं निवेदन आणि डिपेंडंट कार्ड. त्याच दिवशी मामांनी आपल्या सहीबद्दलचं वेगळं पत्र कमांडिंग ऑफिसरच्या नावे, केअर ऑफ 56 एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर, स्पीड पोस्टानं पाठवलं. वर जवानाचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, आत फक्त स्वतःला माहीत असलेल्या गोष्टी, पावती जपून.

निष्पत्ती

युनिटमध्ये चौकशी झाली. रजेची नोंद आणि नमुना 'ड' शेजारी ठेवल्यावर वादाला जागा उरली नाही. 86,300 रुपये आणि चौकशीच्या काळात जमा झालेला भत्ता पगारातून हप्त्यांनी वसूल झाला. भाचीनं आपला वाटा त्याच्या खात्यात परत केला. जवानाला कडक ताकीद मिळाली, म्हणजे सेवानोंदीत लाल शाईचा शेरा, आणि हवालदाराची बढती पुढं गेली. नोकरी टिकली. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत न जाण्यात त्याच्या स्वतःच्या अर्जाचा वाटा मोठा होता, असं आमचं मत. रक्कम लहान आणि पूर्ण परत झाली, हेही त्यात आलं.

लग्नाची नोंद मात्र अर्जानं पुसली जात नाही. लग्न झालंच नाही अशी घोषणा कौटुंबिक न्यायालयाकडून घ्यावी लागली. दोन्ही पक्ष एकमतानं आले की न्यायालयाला संगनमताची शंका येते, त्यामुळं पुरावा द्यावाच लागला : युनिटचं रजेचं पत्र, तिकीट, चपलांसकटचा फोटो, पुरोहिताची साक्ष. पुरोहित पहिल्या दोन तारखांना आले नाहीत. निकालाला 11 महिने लागले. प्रमाणित प्रत महापालिकेत दिल्यावर रजिस्टरात शेरा पडला. तो येईपर्यंत जवानाला दुसरं लग्न लष्करी कागदावर चढवता आलं नसतं, कारण तिथं तो विवाहितच होता.

भाचीची झडपेची प्रक्रिया योजनेतून झाली. मामा आणि त्यांची बहीण यांचं बोलणं अजून तुटकच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

नमुना 'ड' वर साक्षीदार लग्नाला हजर असल्याचं सांगतो, नोंदणीला नव्हे. लग्न पुढं होणार असेल तर त्या कागदावर सही करण्यासारखं काही नसतंच. मामांनी तारखेचा रकाना वाचला असता तर प्रकरण तिथंच थांबलं असतं. युनिटच्या क्लार्कनं दाखल्यावरची तारीख रजेशी ताडली असती तरीही.

तीन आठवडे फार होते. मेसेज पुसायला एक रात्र पुरते. भाचीच्या फोनमधले मेसेज, तिकीट, पैसे आल्याच्या नोंदी यांची प्रत पहिल्याच दिवशी काढून ठेवायला हवी होती. तिकिटाचा फोटो वाचला तो केवळ भाचीच्या भावानं फोन बदलला नव्हता म्हणून.

सांगोल्याच्या घराला आधी सांगायला हवं होतं का? आमच्यात यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, बायोडाटा दिसला त्याच आठवड्यात मध्यस्थाला गाठायचं, कारण या प्रकरणात पूर्ण निर्दोष माणसं तेवढीच होती. दुसरं म्हणतं, कागद हाती नसताना बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. प्रत्यक्षात ते सुपारीच्या चार दिवस आधी कळलं, आणि चार दिवस फारच कमी होते. जवानाच्या आईला मात्र घरच्याच कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, यावर दुमत नाही.

आणि तो फोन. जिथं अट आली तिथं धमकीचा वास येतो. समोरासमोर, शक्य तर तिसऱ्या माणसादेखत, मामांना एवढंच सांगता आलं असतं : ''तू काय करायचं ते तुझं तू ठरव. माझी सही चुकीच्या तारखेखाली आहे. सोमवारी मी तसं पत्र सीओ साहेबांना टाकतोय.''